वाटाड्याची खुर्ची

मालिकांमधल्या चुका शोधत बसणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्या जिवावर माझं पोट चालतं, तरीही आवडत नाहीत. नायिका दारातून आत आली तेव्हा पर्स उजव्या खांद्याला होती आणि सोफ्यावर बसताना डाव्या खांद्याला गेली, हे ज्यांना दिसतं त्यांना ती का रडतेय ते कधी दिसत नाही. पण ती पर्स त्याच खांद्यावर राहावी म्हणून जिला पगार मिळतो ती बाई मीच. आमच्यात याला कंटिन्युटी म्हणतात. दृश्यं तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमानं चित्रित होतात. सोमवारी दार वाजतं आणि गुरुवारी माणूस आत येतो. मधल्या दिवसांत त्याच्या शर्टाची बटणं, भांगाची बाजू, पेल्यातलं पाणी जसंच्या तसं राहायला हवं. युनिटमध्ये माझी जागा मॉनिटरशेजारी, प्लास्टिकच्या स्टुलावर. दिग्दर्शक, त्याचे सहायक, कॅमेरावाले, लाइटवाले, कला विभाग, कपडेपट अशी उतरंड लावली तर मी चहा देणाऱ्या स्पॉटदादांच्या जेमतेम वर येते. चहाच्या वेळी तर खालीच.

अनेक वर्षं सासवा-सुनांच्या बांगड्या सांभाळल्यावर मला एकदम अवकाशयान मिळालं. मराठी वाहिनीवर अवकाशातली मालिका येणार म्हटल्यावर आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत लोक मला जिन्यात थांबवून हसून घेत होते. सिंहगड रस्त्याच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये प्लायवूडचं यान उभं राहिलं. लेखक शनिवार पेठेतले, विज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, आणि आपल्या शब्दाचे भलतेच पक्के. यानावर कोण कोणाच्या हाताखाली, कोण आजारी पडलं तर त्याचं काम कोणाकडे, हे सगळं त्यांनी पहिला संवाद लिहिण्याआधी ठरवलं होतं. कप्तान, उपकप्तान, चालक, डॉक्टर, दोन यंत्रज्ञ, संदेश ऐकणारी मुलगी, यानातली शेती बघणारा आणि स्वयंपाकी. नऊ माणसं.

कला विभागानं खुर्च्या दहा केल्या. पाच-पाचच्या दोन रांगा डोळ्याला बऱ्या दिसतात, एवढंच कारण. खुर्च्या जमिनीत पक्क्या ठोकलेल्या, खालून दिव्यांच्या वायरी गेलेल्या. एक उपटायची तर रंगवलेली सगळी जमीन उपटावी लागणार होती, आणि चित्रीकरण तर तोंडावर आलेलं. लेखक बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले की हे यान आहे, मंगल कार्यालय नाही, आयत्या वेळी पाहुणा आला तर असावी म्हणून जास्तीची खुर्ची मांडायला. एवढं बोलून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी दहावा माणूस लिहून घेऊन आले.

त्याचं पद वाटाड्याचं. ताऱ्यांवरून रस्ता काढून देणारा. गोष्ट सुरू होण्याआधीच तो काहीतरी दुरुस्त करायला यानाबाहेर गेला आणि परत आला नाही. देह मिळालेला नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे पद रिकामं झालेलं नाही. पद रिकामं नाही म्हणून ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर लेखकांनी सेटवरच्या सगळ्यांना विचारलं, की आत्ता येतो म्हणून उठून गेलेल्या माणसाच्या जागेवर काय काय राहतं?  मी क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं. चहाचा मग टेबलाच्या डाव्या बाजूला, त्याचा कानही डावीकडे, कारण तो डावखुरा होता. चष्म्याचं उघडं राहिलेलं घर. दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल. दिग्दर्शक म्हणाला, “ताई, सुपर डिटेल आहे.” लेखकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. पुण्यात हा फार मोठा सभ्यपणा समजायचा.

ते टेबल माझ्या दादाचं होतं. दादा नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. एका पावसाळ्यात सकाळी तो घराबाहेर पडला तो आलाच नाही. त्याच्या आधीचे काही महिने तो बोलेनासा झाला होता. क्लास सुटला होता. दिवसभर टेबलाशी बसून असायचा, आणि आम्ही आपल्या म्हणत होतो की येईल हळूहळू ताळ्यावर. वडील आधीच गेले होते. घरात आई आणि मी. आम्ही स्वारगेट पालथं घातलं, स्टेशन पालथं घातलं. मग कोणी सांगितलं, संसाराला विटलेली माणसं देवाच्या गावी जातात, म्हणून गाणगापूर, त्र्यंबक, आळंदी. सुट्टी मिळाली की मी एसटीत. सुरुवातीला आई बरोबर यायची, पुढे तिचे गुडघे गेले. बरीच वर्षं लोटल्यावर नातेवाईक आडून आडून सुचवायला लागले की दर्भाचा देह करून विधी उरकता येतो, त्यालाही सुटका आणि तुम्हालाही. त्यावर आई त्यांना “चहा घेणार का?” असं अशा सुरात विचारायची की ते न घेताच उठायचे.

तर वाटाड्याची खुर्ची आणि तिच्यापुढचं टेबल मी असं सजवलं. पुढे ते माझं रोजचं काम झालं. प्रत्येक शॉटच्या आधी जाऊन तो मग जागेवर आहे का बघायचं, त्याचा कान अंगठ्यानं किंचित डावीकडे सारायचा, चष्म्याचं घर तेवढंच उघडं ठेवायचं. घरचं टेबल आईनं आवरू दिलं नव्हतं, त्यामुळे सकाळी निघताना मी ते बघायची आणि शेडमध्ये पोचून तसंच दुसरं मांडायची. मॉनिटरवर निळसर उजेडात ती खुर्ची दिसायची. रिकामी वाटायचीच नाही. आत्ताच कोणी उठून गेलंय, हाताची ऊब अजून असेल, असं वाटायचं. नटमंडळी जेवणाच्या सुट्टीत यानाच्या सगळ्या खुर्च्यांवर लोळायची, पण त्या खुर्चीवर कधी कोणी बसलं नाही. स्पॉटदादा सकाळी उदबत्ती लावताना तिच्याभोवतीही ओवाळायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला भाग लागला तेव्हा मी आईला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. तिला असल्या मालिका आवडणार नाहीत अशी माझी खात्री होती. यान दिसलं, कप्तान बोलला, मग कॅमेरा सावकाश त्या खुर्चीवरून फिरला. आई वाती वळत होती. तिचे हात थांबले. खुर्ची गेली, दुसरं दृश्य आलं, तरी ती पडद्याकडेच बघत राहिली. भाग संपल्यावर एवढंच म्हणाली, “मग बरोबर ठेवलास.”

त्यानंतर तिनं एकही भाग चुकवला नाही. यानातली सगळी पदं तिला माझ्याआधी पाठ झाली. संदेशवाली मुलगी एकदा उपकप्तानाला न विचारता चालकाशी बोलली, तर आई मला म्हणाली की तिची वरिष्ठ उपकप्तान आहे, तुमच्या लेखकाला कळत नाही का? उपकप्तान वाटाड्याच्या टेबलावर हात टेकवून उभी राहिली त्या आठवड्यात तर आई तिच्यावर रागावलीच. दुसऱ्याच्या जागी असा हात ठेवतात का, म्हणाली. मी सेटवर जाऊन ते दिग्दर्शकाला माझं म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या टेबलाला कोणी हात लावला नाही. घरातली बाई यान चालवतेय याचा पत्ता युनिटला नव्हता.

आणि प्रेक्षकांनाही भूत लागलं. ज्या मालिकेला लोक हसणार होते तिच्यातल्या नऊ बोलत्या माणसांना सोडून सगळे त्या न दिसणाऱ्या दहाव्याच्या मागे लागले. कॉलेजची मुलं मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहायची की वाटाड्या अलाइव्ह आहे, त्याला दुसऱ्या यानानं उचललंय, हे बघा अमुक भागात मगाची जागा. वाहिनीला आनंद झाला आणि मग वाहिनीला उत्तर हवं झालं. मालिकेचा हा मोसम संपायच्या आत काय ते सांगा. तो परत तरी आणा, नाहीतर मेला तरी म्हणा.

ही गोष्ट मी घरी बोलायला नको होती, पण जेवताना बोलून गेले. त्या दिवसापासून मी दारात चप्पल काढेपर्यंत आई विचारायची, “काय ठरलं तुमच्यात?” भाजी निवडताना विचारायची, औषध घेताना विचारायची. तिच्या आवाजात जे होतं ते मालिकेबद्दलचं कुतूहल नव्हतं. ज्याचा निकाल पोलिसांना लावता आला नाही, देवाला लावता आला नाही, तो आता शनिवार पेठेतला एक म्हातारा लावणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. लेखकांनी वाटाड्याला परत आणलं तर माझी आई उरलेलं आयुष्य दाराकडे बघत काढणार होती. मारलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. मला फार भीती वाटायला लागली.

शेवटी मी लेखकांकडे गेले आणि आईचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अहो, मी काही ठरवलेलं नाही. आणि मला ठरवताही येणार नाही. पडद्यावर जे दाखवून झालंय त्याच्याविरुद्ध मी लिहीत नाही. तुम्हीच बघून सांगा आपण काय काय दाखवलंय.” म्हणजे काम माझ्याकडेच आलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी टीव्हीवर पहिल्यापासून भाग लावून बसले. आई शेजारी खुर्चीवर मटार सोलत होती. पहिल्या भागात कप्तान सांगतो की वाटाड्या सूट घालून बाहेर गेला. लगेच पुढच्या दृश्यात बाहेरच्या दाराजवळची खोली दिसते आणि तिथे यानाबाहेर जायचे पांढरे सूट ओळीनं टांगलेले असतात. मी चित्र थांबवलं. पडद्याजवळ जाऊन सूट मोजायला लागले. ते दृश्य मी स्वतः तपासून पास केलं होतं.

“दहा आहेत,” आई म्हणाली. “मोजू नकोस. मी केव्हाच मोजलेत.”

चूक कशी झाली ते माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्याकडे पदांचा तक्ता होता. पदं दहा, म्हणून सूट दहा. कपडेपटानं दहा दिले, मी दहा टांगून घेतले आणि खूश झाले की सगळं जुळलं. पदं मोजली, माणसं मोजली नाहीत. असली चूक फक्त आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. मी आईला म्हटलं की काळजी करू नकोस, त्यातला एक कॉम्प्युटरवर पुसून टाकता येतो, पुन्हा दाखवतील तेव्हा नऊच दिसतील.

“कोणाला कळत नाही?”

“नाही कळत.”

“हो, नाही कळत,” आई म्हणाली. “मीही पुसलंय.”

मला काहीच कळलं नाही. ती शेंगा सोलत राहिली आणि खाली बघूनच सांगत गेली. त्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी उठली. दाराची कडी निघालेली होती. बाहेर चपलांच्या मांडणीवर दादाचे बूट होते आणि त्याच्या सँडलही होत्या. तिसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. ती तिथे किती वेळ उभी होती ते तिला सांगता येईना. मग तिनं सँडल दुधाच्या पिशवीत घातल्या, खाली गेली, सोसायटीच्या मागच्या कचराकुंडीत टाकल्या आणि दूध घेऊन वर आली. मग मला उठवलं.

चौकीतल्या हवालदारांनी पायात काय होतं असं विचारलं तेव्हा ती सँडल म्हणाली. मी शेजारीच उभी होते. मांडणीवर फक्त बूट दिसत होते, म्हणून मीही मान डोलावली. हवालदार म्हणाले की नदीकडे गेला असता तर काठावर पायातलं काढून ठेवलं असतं, लोक ठेवतातच. त्यांनी दोन शिपायांना काठाकाठानं पाठवलं. काही मिळालं नाही. नदीचा विषय तिथेच संपला आणि दादाचा फोटो गावोगावच्या चौक्यांकडे गेला.

मी विचारलं, का? 

“अनवाणी माणूस लांब जात नाही गं,” आई म्हणाली. “त्यांनी त्याला पाण्यात शोधलं असतं. मला तो गावांमधून शोधायला हवा होता. जिथे माणसं जिवंत असतात तिथे.”

मी उठून गॅलरीत गेले. मला संताप आला होता, आयुष्यात कधी कोणाचा आला नाही इतका. गाणगापूरच्या धर्मशाळेत, त्र्यंबकच्या पायऱ्यांवर ओळीनं झोपलेल्या माणसांमधून मी फिरले होते आणि चेहरे बघायच्या आधी पाय बघितले होते. चेहरा बदलतो, दाढी वाढते, पण सँडल ओळखू येतील, अशी माझी अक्कल. तपकिरी पट्ट्यांच्या सँडल दिसल्या की मी वाकून त्या अनोळखी माणसाला जागं करायची. एकानं तर शिव्या दिल्या होत्या. दर वेळी घरी येऊन मी आईला सांगायची की आज एकाच्या पायात अगदी तशाच होत्या, आणि ती ऐकून घ्यायची.

मागे येऊन ती गॅलरीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “तू निघालीस ना की दर वेळी मला खरंच वाटायचं, या खेपेला तो सापडणार. मी स्वतः टाकल्या होत्या कुंडीत, तरी वाटायचं.” माझा राग तिथेच गेला असं मी म्हणणार नाही. तो पुष्कळ दिवस राहिला. पण मी तिला आत नेऊन बसवलं आणि राहिलेले मटार आम्ही दोघींनी मिळून सोलले.

लेखकांना मी एवढंच कळवलं की सूट दहा आहेत आणि ती चूक धरायची नाही. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. शेवटच्या भागात त्यांनी उपकप्तानाला त्या खोलीत एकटीला पाठवलं. ती सूट एकेक करून मोजते, दहावा हातात धरते आणि तिला कळतं की वाटाड्या तसाच गेला होता, परत यायचं नाही हे ठरवून, आणि कप्तानाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग पद रिकामं झाल्याची नोंद होते आणि ती मुकाट्यानं त्या खुर्चीवर जाऊन बसते. चित्रीकरणाच्या वेळी टेबलावरचा मग उचलायचं काम माझ्याकडे होतं. मी तो उचलला आणि विसळून ठेवला. 

तो भाग लागला तेव्हा आई पदर सावरून, ताठ बसून बघत होती. उपकप्तान बसली तेव्हा मी चोरून आईकडे पाहिलं. ती रागावली नाही. नावं वर सरकायला लागल्यावर तिनं टीव्ही बंद केला. जिन्यात शेजाऱ्यांची मुलं त्याच भागावरून भांडताना ऐकू येत होती.

“त्या दिवशी नदीला पाणी किती होतं गं?” आईनं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. मला मात्र ते आठवत होतं, असलं सगळं लक्षात ठेवणं हेच माझं काम. “पुष्कळ होतं,” मी म्हटलं. “खडकवासल्यातून सोडलं होतं. नदीकाठचा रस्ता बंद केला होता.”

“मग फार वेळ नसेल लागला त्याला,” आई म्हणाली, आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा रडली.